चार कालनिर्णय आणि एक टास्मानियन डेव्हिल

प्रकरण लहान आहे. नागपुरातल्या एका महाविद्यालयाचा प्राणिशास्त्र विभाग, एम.एस्सी.च्या दोन मुली आणि वीस गुणांचं एक सादरीकरण. ते पहिल्यांदा पडलं, दुसऱ्यांदा उभं राहिलं. पडण्यात माझाही हात होता, म्हणून हे सविस्तर लिहून ठेवतो आहे.

आमच्या विभागात तुलनात्मक सादरीकरणासाठी संत्रा बर्फीचे दोन रिकामे डबे ठेवायची पद्धत आहे. एकात माशांच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात सस्तन प्राण्यांच्या. प्रत्येक जोडीने दोन्ही डब्यांतून एकेक चिठ्ठी उचलायची आणि बारा मिनिटांत त्या दोघांची तुलना मांडायची. बहुतेकांचं निभावून जातं. रोहू आणि डॉल्फिन आले तर पोहण्यावर बोलता येतं. विजेचा मासा आणि वटवाघूळ आले तर अंधारात वाट कशी काढतात यावर. या दोघींना मात्र ‘खोल समुद्रातला स्केट’ आणि ‘संकटग्रस्त शिशुधान प्राणी’ अशा चिठ्ठ्या निघाल्या. शिशुधान म्हणजे कांगारूसारखे, पिल्लू आईच्या पोटावरच्या पिशवीत वाढवणारे.

एक शहरातल्या महाल भागातली, दुसरी कामठीहून रोज येणारी. इथे त्यांना महालची आणि कामठीची असंच म्हणतो. महालची तिथेच म्हणाली, “सर, हे काहून आमच्याच वाट्याले आलं बाप्पा?” कामठीची काही बोलली नाही. तिने फोनवर ‘स्केट’ शोधलं, तर आधी चाकांचे बूट आले. त्यात तिची चूक नाही. समुद्र इथून शेकडो किलोमीटरवर. आमच्या बाजारात रोहू, कतला आणि झिंगे. स्केट म्हटलं की संध्याकाळी पायांत चाकं अडकवून फिरणारी पोरंच डोळ्यांपुढे येणार.

कोकणातल्या माणसाला निदान पाकट ठाऊक असतो. तसाच चपटा, कूर्चेच्या सांगाड्याचा, पतंगासारखा मासा. पण काटेरी शेपटीचा पाकट आणि स्केट हे एक नव्हेत. पाकट पिल्लांना जन्म देतो, स्केट अंडी घालतो. त्या अंड्याला कातडीसारख्या चिवट कवचाची चौकोनी पिशवी असते आणि चार कोपऱ्यांना चार शिंगं. आमच्या विभागाच्या संग्रहालयात फॉर्मलिनमधला एक पाकट आहे. त्यावर ‘ट्रायगॉन’ असं जुनं नाव माझ्या आधीच्या कुणी तरी शाईने लिहिलेलं आहे. स्केट नाही. शिशुधान प्राणी तर नाहीच.

पहिला प्रयत्न: तेवीस ओळींचा तक्ता

मी त्यांना छापील सूचनापत्रक दिलं. त्यात वर्षानुवर्षं एकच वाक्य आहे: ‘साम्ये व भेद तक्त्यात मांडावेत.’ ते वाक्य माझंच आहे.

शिशुधान प्राण्यांतून कोणता घ्यावा यावर दोन दिवस गेले. महालचीला नंबॅट आवडला होता. वाळवी खाणारा, पट्ट्यापट्ट्यांचा, पश्चिम ऑस्ट्रेलियाचा राज्यप्राणी. गंमत म्हणजे हा शिशुधान वर्गातला असून त्याला धड शिशुधानीच नाही. पिल्लं आईच्या पोटावरच्या केसांत लोंबतात. पण माहिती जास्त हाताशी होती टास्मानियन डेव्हिलची, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावरच्या मांसाहारी शिशुधान प्राण्याची, म्हणून तो ठरला. स्केटमधून त्यांनी निवडला पॅसिफिक व्हाइट स्केट, शास्त्रीय नाव बाथिराजा स्पिनोसिसिमा.

तक्ता तेवीस ओळींचा झाला. सांगाडा: कूर्चेचा, हाडांचा. श्वसन: कल्ले, फुप्फुसं. त्वचा: खवल्यांसारखे दातेरी काटे, केस. रक्ताचं तापमान, हृदयाचे कप्पे, अधिवास, आहार. सगळं बरोबर. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “बरं, मग?”

मुलींकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, फक्त मला कुणी विचारलं नाही. वीसपैकी नऊ गुण पडले.

तक्त्याची अडचण तक्त्यातच होती. एका ओळीचा दुसरीशी काही संबंध नव्हता. सांगाड्याची ओळ काढून टाकली असती तरी बाकीच्या बावीस ओळींना पत्ता लागला नसता. कोणताही मासा आणि कोणताही सस्तन प्राणी घेऊन यातल्या अठरा ओळी तशाच लिहिता आल्या असत्या. म्हणजे ज्या दोन प्राण्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या होत्या, ते दोघे तक्त्यात नव्हतेच; होते ते ‘मासा’ आणि ‘सस्तन’.

आणि एक ओळ सरळ चुकीकडे नेणारी होती. ‘मासा अंडी घालतो, सस्तन प्राणी पिल्लं देतो.’ पदवीच्या पहिल्या वर्षापासून या मुलींनी जो शार्क चिरला, तो स्कोलिओडॉन, अंडी घालत नाही. त्याचं अंडं जेमतेम मिलिमीटरभर असतं, त्यात बलक जवळजवळ नाही. आणि मग बलकाच्या रिकाम्या पिशवीपासूनच वार, म्हणजे गर्भाला आईशी जोडणारा अवयव, तयार होते आणि गर्भ आईच्या रक्तावर वाढतो. पलीकडे डेव्हिलचीही वार मुख्यतः बलकपिशवीपासूनच बनते, आणि ती फार थोडे दिवस टिकते. म्हणजे मुलींनी चिरलेला हा मासा आईपणाच्या बाबतीत कांगारूच्या नातेवाइकांना स्केटपेक्षा जवळचा निघतो. हे मी वर्गात पंधरा वर्षं शिकवतो आहे. तक्ता तपासताना मला ते आठवलं नाही.

चार कालनिर्णय

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या भित्तिपत्रकांत त्यांना पुन्हा संधी होती, दहा गुणांची. या वेळी मी पत्रक दिलं नाही. एवढंच म्हटलं, की दोन्ही आयांना एकच प्रश्न विचारा; कोणता, ते तुम्ही ठरवा.

आठवड्याने कामठीची आली ती हातात जुनी कालनिर्णयं घेऊन. चार. तिच्या घरी जुनी कालनिर्णयं टाकून देत नाहीत. मागच्या बाजूला दूधवाल्याचा आणि पेपरवाल्याचा हिशेब असतो. तिने ती ओळीने भिंतीवर लावली आणि प्रश्न सांगितला: पोरासाठी आई खर्च कधी करते, आणि किती काळ?

डेव्हिलचा हिशेब एका कालनिर्णयात जवळजवळ बसला. गर्भकाळ एकवीस दिवसांचा. टास्मानियात मार्चच्या सुमारास जोड्या जमतात, एप्रिलच्या आसपास पिल्लं होतात, एका वेळी वीस, तीस, कधी त्याहून जास्त. एक पिल्लू तांदळाच्या दाण्याएवढं, सुमारे ०.२ ग्रॅम. आई सहा-सात किलोची. म्हणजे जन्माच्या वेळी आईने आपल्या वजनाचा तीस हजारावा भागसुद्धा एका पिल्लावर घातलेला नसतो. मग खरी शर्यत सुरू होते. पिल्लाचे पुढचे पाय तेवढे तयार असतात. त्यांच्या जोरावर ते आईच्या केसांतून सरपटत पिशवीकडे जातं. पिशवीत सड चार. ज्याच्या तोंडात सड आला ते जगलं, बाकीची गेली. महालची म्हणाली, “जनरलच्या डब्यासारखं.” फरक इतकाच, की जनरलच्या डब्यात उभं राहून तरी जाता येतं.

त्या चौघांचा खर्च मात्र पुढे महिनोन् महिने चालतो. साधारण साडेतीन-चार महिने पिशवीत. ही पिशवी मागच्या बाजूला उघडते, म्हणजे आई बीळ उकरते तेव्हा माती आत जात नाही. मग काही महिने बिळात. वर्ष सरता सरता पिल्लं आपल्या वाटेने निघून जातात. आईने सगळं दिलं, पण उशिरा दिलं, दुधातून दिलं, आणि कुणाला द्यायचं ते आधी ठरू दिलं.

आमच्या एका जुन्या पाठ्यपुस्तकात शिशुधान प्राण्यांचं पिल्लू ‘अपूर्ण’ जन्मतं असा शब्द आहे. मुलींनी तो पहिल्या तक्त्यात जशाच्या तसा उचलला होता. कालनिर्णयासमोर उभं राहिल्यावर तो शब्द महालचीनेच खोडला. अपूर्ण कसलं? उधारीवर माल न घेता हप्त्याहप्त्याने देणारी ही पद्धत आहे. वर्ष वाईट निघालं तर आईचं नुकसान एकवीस दिवसांचं. वाघीण साडेतीन महिने पोटात वागवते. तिला अर्ध्यावरून परत फिरणं इतकं स्वस्त पडत नाही.

आता स्केट. इथे उलटा कारभार. आई सगळा खर्च आधी करते. मोठा बलक, चिवट पिशवी. ती समुद्राच्या तळाशी ठेवते आणि निघून जाते. पुढे अंड्याकडे कुणी पाहत नाही. वाढीच्या एका टप्प्यावर पिशवीच्या शिंगांजवळच्या फटी उघडतात आणि गर्भ शेपटी हलवून ताजं पाणी आत खेचत राहतो. शंखाच्या जातीचे प्राणी कवचाला भोक पाडून आतला बलक खातात, तो धोका कायम. आणि किती दिवस? या स्केटचा एक नातेवाईक, अलास्का स्केट, बेरिंग समुद्राच्या थंड पाण्यात साडेतीन वर्षांच्या आसपास अंड्यात असतो. पॅसिफिक व्हाइट स्केटचं पाणी त्याहून थंड. त्याचा अंदाज चार वर्षांच्या वर जातो.

भिंतीवरची चारही कालनिर्णयं त्यासाठी होती. पहिल्याच्या जानेवारीवर कामठीचीने लाल शाईने ‘अंडं’ लिहिलं होतं आणि चौथ्याच्या डिसेंबरपुढे बाण काढला होता, भिंतीच्या रंगावर. त्या रंगाबद्दल आम्हाला नंतर ऐकून घ्यावं लागलं.

धुरांड्याजवळचं अंडं

हा स्केट निवडला त्याचं कारण इथे आहे. २०१५ साली गॅलापागोस बेटांच्या उत्तरेला, डार्विन बेटापासून साधारण ४५ किलोमीटरवर, नॉटिलस या संशोधन जहाजाने दूरनियंत्रित यंत्र खाली सोडलं होतं. सुमारे १,६६० मीटर खोलीवर तिथे समुद्रतळातून कढत, खनिजांनी काळं झालेलं पाणी वर येतं. त्याला काळी धुरांडी म्हणतात. त्या परिसरात अंड्यांच्या १५७ पिशव्या आढळल्या. निम्म्याहून जास्त, ५८ टक्के, धुरांड्यांपासून वीस मीटरच्या आत. आणि ८९ टक्के अशा जागी, जिथलं पाणी आजूबाजूच्या पाण्यापेक्षा थोडं का होईना गरम होतं. आजूबाजूचं पाणी म्हणजे २.७६ अंश सेल्सिअस. अंड्यांच्या डीएनएवरून ती याच स्केटची असल्याचं कळलं. २०१८ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

म्हणजे ही आई अंड्याजवळ थांबत नाही, पण अंडं कुठे ठेवायचं हे निवडते. तीन अंशांच्या पाण्यात अर्धा-एक अंश ऊबसुद्धा मोठी असते. वाढ तेवढी लवकर होते. महालची म्हणाली, ही पिशवी आईच्या अंगावर नाही, जमिनीवर आहे. मला ते वाक्य आवडलं, पण जपून वापरायला सांगितलं. डेव्हिलची पिशवी दूध देते, धुरांडं फक्त ऊब देतं. दोन्हींना एकच शब्द लावला की ऐकायला छान वाटतं आणि प्राणिशास्त्र मागे राहतं.

जमिनीच्या उष्णतेवर अंडी उबवणं तसं एकट्या स्केटचं नव्हे. पॅसिफिकमधल्या काही बेटांवर मेगापोड जातीचे पक्षी ज्वालामुखीच्या गरम मातीत अंडी पुरतात. अर्जेंटिनात सानागास्ता इथे डायनोसॉरची घरटी गरम पाण्याच्या जुन्या झऱ्यांलगत मिळाली आहेत. डायनोसॉर म्हटल्यावर मुलींना जबलपूरचे लमेटा खडक आणि चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा आठवलं, आणि अर्धा तास त्यात गेला. भित्तिपत्रकात ते कुठेच आलं नाही. येऊही नये.

इथे कामठीचीने जो प्रश्न काढला तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. डेव्हिलचे एकवीस दिवस आणि स्केटची चार वर्षं हे आकडे एकाच वजनाचे आहेत का? नाहीत. डेव्हिलला माणसांनी हातात घेतलं आहे, पिशवी उघडून पिल्लं मोजली आहेत, वर्षानुवर्षं त्याच जागी सापळे लावून तीच जनावरं पुन्हा पकडली आहेत. स्केटच्या चार वर्षांवर कुणी बसून राहिलेलं नाही. तो आकडा नातेवाइकांच्या वाढीचा वेग आणि पाण्याचं तापमान यांवरून काढलेला आहे. म्हणून भित्तिपत्रकात डेव्हिलचे दिवस शाईने लिहिले गेले आणि स्केटची वर्षं पेन्सिलने. खाली एका ओळीत कारण. परीक्षकांनी ती ओळ वाचली का, कोण जाणे.

घाव सोसण्याचा वेग

‘संकटग्रस्त’ हा चिठ्ठीतला शब्द अजून उरलाच होता. नागपूरची मुलं वाघाच्या गावची. पेंच दोन तासांवर, ताडोबा तीन. प्राणी धोक्यात आहे म्हटलं की त्यांच्या मनात जंगलतोड आणि शिकार येते. पहिल्या तक्त्यात डेव्हिलपुढे ‘शिकार व अधिवासनाश’ असं लिहूनही टाकलं होतं. शिकार झालीच नाही असं नाही. पण आजचं संकट ते नव्हे.

१९९६ साली टास्मानियाच्या ईशान्य भागात एका डेव्हिलच्या तोंडावर गाठी दिसल्या. हा कर्करोग आहे आणि तो संसर्गजन्य आहे. त्यात विषाणू नाही; कर्करोगाच्या पेशीच एका जनावरातून दुसऱ्यात जातात, चावण्यातून. आणि डेव्हिल चावतात: मेलेल्या जनावरावर भांडताना, जोडी जमवताना. या पेशी शरीराच्या पहारेकऱ्यांना आपली ओळख लागू देत नाहीत. गाठी वाढल्या की खाणं बंद होतं. काही महिन्यांत जनावर मरतं. रोग जिथे बराच काळ राहिला तिथे संख्या ८० टक्क्यांच्या आसपास घसरली, आणि २००८ मध्ये हा प्राणी जागतिक यादीत संकटग्रस्त ठरला. २०१४ मध्ये अशाच दुसऱ्या, स्वतंत्रपणे उपजलेल्या कर्करोगाचा पत्ता लागला.

कालनिर्णयं इथे पुन्हा उपयोगी पडली. डेव्हिलची मादी एरवी दोन वर्षांची झाल्यावर विते. रोग पसरलेल्या भागांत एक वर्षाच्या माद्यांना पिल्लं होण्याचं प्रमाण कितीतरी पटींनी वाढलं. मोठी जनावरं मेली, खायला जास्त उरलं, वाढ लवकर झाली. २०१६ च्या एका अभ्यासात तर अवघ्या चार ते सहा पिढ्यांत जनुकांमध्ये बदल दिसले, आणि त्यांतली काही जनुकं रोगप्रतिकाराशी निगडित होती. चार-सहा पिढ्या म्हणजे डेव्हिलच्या हिशेबाने दहा-पंधरा कालनिर्णयं.

हाच घाव स्केटवर पडला तर? स्केटच्या एका पिढीचं अंडं फुटायलाच चार कालनिर्णयं लागतात. पॅसिफिक व्हाइट स्केट दीड-दोन किलोमीटर खोलीत राहतो, त्यामुळे जाळी तिथे सहसा पोहोचत नाहीत. तो वाचला आहे तो खोलीमुळे, जननक्षमतेमुळे नव्हे. जिथे जाळी पोहोचली तिथलं उदाहरण युरोपात आहे. तिथल्या एका मोठ्या स्केटचं नावच ‘कॉमन स्केट’, म्हणजे कुठेही मिळणारा. वयात यायला दहा-अकरा वर्षं. हा मासा आयरिश समुद्रातून जवळजवळ नाहीसा झाल्याची नोंद १९८१ मध्ये झाली. पुढे कळलं, की एका नावाखाली दोन जाती होत्या.

महालचीने यात तिसरा रकाना काढायचा हट्ट धरला: गिधाड. मी आधी नको म्हटलं, चिठ्ठीत नाही म्हणून. ती ऐकेना, आणि बरं झालं ऐकलं नाही. वर्षाला एक अंडं घालणारा पक्षी. जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने नव्वदच्या दशकापासून देशभर कोसळला. कारण २००४ मध्ये उलगडलं, २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. बंदीनंतरही गिधाडं आपोआप परतली नाहीत. पेंच आणि ताडोब्यात पिंजऱ्यात वाढवलेली आणून सोडावी लागली. विदर्भातल्या पोरीला स्केटचं संकट समजावून घ्यायला आयरिश समुद्रापर्यंत जावं लागत नाही, हे तिला माझ्या आधी कळलं.

मी एक वाक्य मात्र काढायला लावलं. तिने लिहिलं होतं, ‘म्हणून डेव्हिल वाचेल.’ लवकर वाढणारा प्राणी घाव सोसतो म्हणजे वाचतोच असं नाही. त्यासाठी माणसांनी निरोगी डेव्हिल वेगळे राखले आहेत. २०१२ मध्ये काही टास्मानियाजवळच्या मरीया बेटावर सोडले. तिथे ते चांगले वाढले, आणि बेटावरच्या छोट्या पेंग्विनांची वसाहत संपली. हे मी सांगितल्यावर महालची बराच वेळ गप्प होती. मग तिने खाली बारीक अक्षरात पेंग्विन लिहिले.

भित्तिपत्रकाला दहापैकी सात मिळाले. तीन कुठे गेले ते विचारायला दोघी गेल्या. ‘मासा आणि सस्तन यांत पक्षी कशाला?’ असं उत्तर मिळालं. मी वाद घातला नाही; तो परीक्षकांचा अधिकार आहे. महालचीने मात्र पेपर तपासणीच्या फॉर्मवर हरकत लिहून दिली. तिचं अजून काही आलेलं नाही.

सूचनापत्रकातलं ते वाक्य मी काढून टाकलं. कालनिर्णयं मार्चपर्यंत भिंतीवर होती. मग प्रयोगशाळेतल्या काकांनी उतरवली, कारण परीक्षेचं वेळापत्रक लावायला खिळे हवे होते. चौथ्याच्या मागे दुधाचा हिशेब होता, म्हणून कामठीची ते परत घेऊन गेली.